नववी-अकरावीच्या मुलांना शिक्षकी पेशाची गोडी लावायची, हाताशी शनिवारचा एक तास: काय करून घ्यावं?

शनिवारचा_तास

नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेसाठी विचारते आहे. शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे, प्राथमिक विभागही त्याच आवारात आहे. नववीचे नऊ आणि अकरावीचे सहा अशा पंधरा जणांनी "पुढे शिक्षक व्हायला आवडेल" असं स्वतःहून लिहून दिलंय. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास आणि दोन शिक्षक मिळतील. चौथीची काही मुलं पालकांच्या लेखी संमतीने थांबवता येतील.

व्याख्यानं ठेवून झाली, त्याने फार फरक पडत नाही. मुलांच्या हातून प्रत्यक्ष काय करून घ्यावं? अकरावीवाल्यांना पुढचा रस्ता सांगताना नेमकं कुठे चुकतं? आणि "मास्तरकीत काय ठेवलंय" म्हणणाऱ्या पालकांसमोर कोणते आकडे ठेवावेत?

पाठटाचण

ताई, पंधरा ही चांगली संख्या आहे, वाढवू नका. पाच-पाचांचे तीन गट करा, प्रत्येकात तिघं नववीचे आणि दोघं अकरावीचे. सुरुवातीला चौथीची मुलं अजिबात आणू नका. अख्ख्या वर्गासमोर पहिल्यांदाच उभं केलेलं मूल एकतर पाठ केलेलं घडाघडा म्हणून मोकळं होतं, नाहीतर गोंगाटाला घाबरून ओरडायला लागतं. दोन्हींत शिकवण्याचा अनुभव त्याला मिळतच नाही आणि "हे आपल्याला जमणारं नाही" असं ते मनाशी ठरवून टाकतं.

डी.एल.एड., बी.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत सूक्ष्म अध्यापन (छोट्या पाठांचा सराव) घेतात, तेच इथे वापरा. एका वेळी एकच कौशल्य, समोर गटातलीच मुलं, पाठ फक्त ६ मिनिटांचा. पूर्ण चक्र ३६ मिनिटांचं असतं: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ मिनिटं पुन्हा तयारी, ६ मिनिटं तोच पाठ परत, ६ मिनिटं परत प्रत्याभरण. तासात एकाचंच होईल असं वाटतं, पण पहिला तयारीला बसला की त्या १२ मिनिटांत दुसरीचा पाठ आणि प्रत्याभरण बरोबर बसतं. ती तयारीला गेली की पहिल्याचा फेरपाठ. असं गुंफलं की दोघांचं मिळून ४८ मिनिटांत होतं. तीन गट म्हणजे एका शनिवारी सहा जण, आणि तीन शनिवारांत पंधराही जणांची पाळी येते. शिक्षक दोनच आहेत, तर तिसऱ्या गटात घड्याळ अकरावीच्या एकाकडे द्या आणि दोघांपैकी एकाने दोन गटांच्या मधे बसावं.

वेळ कमी पडला की सगळीकडे फेरपाठच गाळला जातो. तो गाळू नका. आपण एक गोष्ट बदलली आणि मघाशी न कळलेलं समोरच्याला आता कळलं, हे मुलाला फक्त फेरपाठातच दिसतं. गोडी लागते ती तिथे.

कौशल्यं दोनच घ्या: प्रश्न विचारणं आणि फलकलेखनासह स्पष्टीकरण. सज्जता प्रवर्तन (पाठाची सुरुवात), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहणं) वगैरे पुढे कॉलेजात येतंच. प्रश्नांच्या पाठात बघायची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारून झाल्यावरचं थांबणं. नवखा सेकंदभरही थांबत नाही, उत्तर स्वतःच देऊन टाकतो. प्रश्न आधी, मग मनात तीनपर्यंत मोजायचं, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीच्यांनी विचार करायचं कारणच उरत नाही. फळ्यासाठी: नवा खडू अर्धा मोडून घ्या (लांब खडू किंचाळतो), तो फळ्याशी तिरका धरा, अंग एका बाजूला ठेवून लिहा आणि लिहून झालं की शेवटच्या बाकाजवळ जाऊन स्वतः वाचून बघा. ओळी उजवीकडे वर चढल्यात की खाली घसरल्यात ते तिथूनच कळतं.

सातव्या शनिवारी चौथीची मुलं आणा. आठवीची नकोत. एका इयत्तेच्या अंतरात शिकवणं बाजूला राहतं आणि चढाओढ सुरू होते. जोड्या लावा, एक शिकवेल आणि दुसरा टिपेल. एका शनिवारी तीनच जण शिकवतील, प्रत्येकासमोर चार-पाच मुलं. म्हणजे चौथीची बारा ते पंधरा मुलं पुरतात आणि पाच शनिवारांत सगळ्यांचं होतं. एकूण अकरा शनिवार. जुलैच्या पहिल्या शनिवारी सुरू केलंत तर गणपतीचे दिवस सोडूनही पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी बसतं.

विषय देताना अख्खा धडा देऊ नका, मुलं जिथे अडतात अशी एक जागा द्या. हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ − २७ दिलं की चौथीतही एखादं मूल ३५ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही. २ मधून ७ जात नाहीत म्हणून ते ७ मधून २ काढतं, मग ५ मधून २. त्याच्या परीने नियम पाळूनच चाललेलं असतं. इथे नवखा शिकवणारा हमखास म्हणतो, "अरे, हातचा घे ना!" आणि मुलाच्या हातची पेन्सिल घेऊन स्वतःच गणित सोडवतो. मूल मान डोलावतं आणि पुढच्या ६१ − ३८ ला परत ३७ लिहितं.

त्याचं पहिलं वाक्य "कसं केलंस, मला सांग बरं" हेच असायला हवं. मग काड्या काढायच्या. आइस्क्रीमच्या ५२ काड्या मोजून द्या: रबर लावलेले दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्ट्या. जास्तीच्या सुट्ट्या काड्या टेबलावर ठेवू नका, नाहीतर मूल गठ्ठ्याला हात न लावता त्यातल्याच उचलतं आणि हातच्याचा मुद्दा निसटतो. "यातल्या २७ मला दे." मूल दोन गठ्ठे देतं, २ सुट्ट्या देतं आणि थांबतं. आता शिकवणाऱ्याने तोंड मिटून बसायचं. दहा सेकंद लागतील, वीस लागतील. गठ्ठ्याचा रबर मुलाने स्वतःच्या हाताने काढला पाहिजे, दुसऱ्या कुणी नाही. तो निघाला की उरलेल्या ५ देऊन समोर २ गठ्ठे आणि ५ सुट्ट्या राहतात. त्यानंतरच फळ्यावर उभी मांडणी करायची आणि ५ वर काट मारून ४ लिहिताना विचारायचं, "हा काट म्हणजे मघाशी तू काय केलंस?" हे जमलेला नववीतला मुलगा घरी जाऊन काय सांगतो ते पालकसभेत ऐका.

अशीच दुसरी जागा संख्या लिहिण्याची. 'पासष्ट' ऐकून ५६ लिहिणारी मुलं असतात, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'साठ पाच' असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. अकरावीच्या मुलांना दोन्ही बाजू मांडायला लावा. शिकवण्याच्या कामात डोकं चालवायला किती जागा आहे, हे त्यांना अशा वादातून दिसतं.

दुसरा_बाक

वरच्या सगळ्याला दुजोरा. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, निवडीबद्दल. ५ सप्टेंबरच्या स्वयंशासन दिनाला बहुतेक शाळांत पहिल्या पाचातली मुलं शिक्षक होतात. हुशार मुलाला बरेचदा आपल्याला ते कसं कळलं हे आठवत नाही, कारण ते लगेचच कळलेलं असतं. तास सुरू नसताना बाकावरच्या शेजाऱ्याला समजावून सांगणारं मूल शोधा, ते कदाचित ६० टक्क्यांवालं असेल. मुलगेही घ्या, आणि मुद्दाम चौथीसमोर उभे करा. 'लहान मुलांना शिकवणं बायकांचं काम' हा समज नववीतच मोडला तर मोडतो. स्वयंशासन दिन बंद करायची गरज नाही. पण साडी नेसून दिवसभर आठ वर्ग सांभाळण्यापेक्षा प्रत्येकाला एकच ३५ मिनिटांची तासिका द्या, पाठाचं टाचण दोन दिवस आधी तपासा, आणि त्या विषयाच्या शिक्षकांनी मागच्या बाकावर बसून ऐकावं. त्या दिवशी शिक्षक स्टाफरूममध्ये बसले तर मुलांना प्रत्याभरण मिळत नाही, नुसती हौस होते.

दुसरी, मर्यादांबद्दल, आणि यात तडजोड नको. खोलीचं दार उघडं. एकट्या मोठ्या मुलाकडे एकटं लहान मूल नाही. हात लावायचा नाही, उठाबशा नाहीत, 'ढ' म्हणायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. या गटातल्या मुलांना रजेवरच्या शिक्षकांच्या ऑफ तासावर पाठवण्याचा मोह तर होणारच. एकदा पाठवलंत की उपक्रम संपला असं समजा. वर्ग शांत ठेवणं म्हणजे शिकवणं, हाच धडा ती मुलं घेऊन बाहेर पडतात.

पवित्र_मार्ग

रस्त्याबद्दल लिहितो, कारण इथल्या चुका दोन-दोन वर्षं खातात.

बारावीनंतर तीन वाटा. डी.एल.एड. (जुनं डी.एड.) दोन वर्षांचं, बारावीला साधारण ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत. दुसरी वाट पदवी आणि मग दोन वर्षांचं बी.एड. त्याला पदवीचे ५० टक्के आणि राज्याची बी.एड. सीईटी. तिसरी म्हणजे चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, ज्यात पदवी आणि बी.एड. एकत्र. त्यासाठी एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा असते, ती मराठीतूनही देता येते. पदवी अधिक बी.एड.पेक्षा यात एक वर्ष वाचतं. मात्र हा अभ्यासक्रम मोजक्याच संस्थांत आहे, म्हणून प्रवेशाआधी त्या वर्षासाठीची एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता बघायलाच हवी. 'मान्यता येतेय' एवढ्यावर पैसे भरू नका.

सर्वात महागात पडणारी चूक: "बी.एड. मोठं, म्हणजे ते सगळ्याला चालतं." चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही, तिथे डी.एल.एड.च लागतं. ज्याला लहान मुलांतच रमायचंय त्याने पाच वर्षं घालवून बी.एड. केलं तर नेमकं तेच दार बंद होतं.

दुसरी चूक अकरावीतच होते, म्हणून तुमच्या सहा जणांना आत्ताच सांगा. माध्यमिकला नेमणूक शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयाची असते: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल वगैरे. पदवीचा विषय यात बसला पाहिजे. नुसती वाणिज्य पदवी आणि बी.एड. घेऊन नववी-दहावीत जागा शोधणं फार कठीण. वाणिज्यवाल्याने एम.कॉम. द्वितीय श्रेणीत आणि बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालय गाठावं. मानसशास्त्राची आवड असणाऱ्यांनाही हेच लागू.

टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, मुलं सर्रास गोंधळतात. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा: पहिली ते पाचवीला पेपर १, सहावी ते आठवीला पेपर २. प्रत्येकी १५० प्रश्न, अडीच तास, उणे गुण नाहीत, खुल्या प्रवर्गाला ९० गुण. पेपर १ मध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. पेपर २ ला गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांतलं एक ६० गुणांचं निवडायचं असतं. एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आता तहहयात चालतं. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० गुण, १२० मिनिटं, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. यात पास-नापास नसतं, गुणांवर शिक्षकभरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून निवड होते. टेट दरवर्षी होत नाही. आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. म्हणून शिक्षण संपताक्षणी नोकरी असा हिशेब घरी मांडू नका, मधल्या काळाचं नियोजन हवं.

कसब्यातला_पालक

पालकांसाठीचे आकडे इथे देते. पालकसभेत हे फळ्यावर लिहा, तोंडी सांगू नका.

अनुदानित किंवा सरकारी शाळेत लागल्यावर पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक'. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी: सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० पासून, प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाचं ३८,६०० पासून. वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही त्याच फळ्यावर लिहा. पुण्यात १६,००० मध्ये भाड्याची खोली घेऊन राहणं अवघड आहे, तेव्हा ती तीन वर्षं घरून आधार लागेल हे मुलाच्या आईवडिलांना आत्ताच कळलेलं बरं. लपवून गोडी लावली तर पुढे मूलच आपल्याला दोष देतं.

विनाअनुदानित खासगी शाळांत पगाराचा पल्ला फार वेगवेगळा आहे. तिथे चार प्रश्न विचारायला शिकवा: पगार बारा महिन्यांचा की दहा? बँकेत जमा होतो का? भविष्य निर्वाह निधी कापतात का? नेमणूकपत्र लेखी मिळतं का? खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. आणि नोकरीसाठी कुणी 'देणगी' मागितली तर तिथून उठायचं, मग संस्था कितीही नामांकित असो.

वेतनाशिवायचं एक कारण मुलींच्या आईवडिलांना पटकन पटतं: घराजवळच्या शाळेत काम मिळू शकतं. हे कारण मुद्दाम पुढे करू नये असं माझं मत आहे. त्याने मुलगी पेशा निवडत नाही, सोय निवडते. तिला शिकवायला आवडतं का, हे आधी विचारा.

दुसरा_बाक

पुण्यात असल्याचा फायदा घ्या. गंज पेठेतल्या फुले वाड्यात, समताभूमीवर, गटाला न्या. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. ती जुनी वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली गेली, तेव्हा तिथे वाडा दिसेल असं मुलांना सांगून नेऊ नका. फुले वाड्यात तो हौद बघायला मिळतो, जो जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे मात्र तिथे उभं राहून आवर्जून सांगा. त्यांचं धैर्य मुलांना माहीत असतं. त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, ही बाजू राहून जाते.

आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका हे दुसरं ठिकाण. रद्दी, नळ्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून केलेली विज्ञानखेळणी तिथे बघायला मिळतात. आधी परवानगी काढा. प्रत्येकाने एकच खेळणं निवडावं आणि पुढच्या शनिवारी ते चौथीसमोर बनवून एक प्रश्न विचारावा, एवढं काम द्या.

शनिवारचा_तास

सगळ्यांचे मनापासून आभार. काड्यांचा पाठ नक्की घेते, आणि पवित्र_मार्ग यांचा मजकूर अकरावीच्या वर्गात लावते. एकच राहिलं: जोडीतला टिपणारा नेमकं काय टिपेल? मोकळं सोडलं तर "छान शिकवलं" एवढंच लिहून देतात.

पाठटाचण

'छान' या शब्दावर बंदी घाला, 'चांगलं'वरही. मत नको, मोजणी हवी. शंभर पानी वहीचं एक पान, उभ्या चार रकान्यांत फक्त रेघा मारायच्या: किती प्रश्न विचारले, प्रश्नानंतर तीन मोजेपर्यंत किती वेळा थांबला, किती उत्तरं शिकवणाऱ्याने स्वतःच दिली, वेगवेगळी किती मुलं बोलली. शेवटचा रकाना सर्वात बोलका असतो. पाचपैकी दोनच मुलं बोलली असली तर ती बहुतेक पुढच्या बाकावरची असतात, म्हणून रेघेऐवजी मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायला सांगा.

पानाच्या तळाशी चौथीतल्या एका मुलाचं एक वाक्य, जसं बोललं तसं. "मला दोनातून सात जात नाही म्हणून मी उलटं केलं" असलं काहीतरी. प्रत्याभरणाची ६ मिनिटं या वाक्यापासून सुरू करा, आकडे त्यानंतर. आधी आकडे वाचले की शिकवणारा सबबी सांगायला लागतो. आधी मुलाचं वाक्य वाचलं तर तो त्या मुलाचा विचार करायला लागतो, आणि फेरपाठात काय बदलायचं ते बऱ्याचदा स्वतःच सांगतो. वही शाळेतच ठेवा, घरी देऊ नका. चौथीच्या मुलांची नावं आणि चुका तिच्यात आहेत.